वरून दुसरा

दगड भलत्याच माणसाच्या उशाशी उभा होता.

आयरीनने हातातली बादली खाली ठेवली तेव्हा पाणी हिंदकळून बुटावर सांडलं. तो गारवा मोज्यातून बोटांपर्यंत गेला तरी तिचं लक्ष गेलं नाही. नव्या रांगेत चार थडगी होती. दोन्ही टोकांच्या थडग्यांना फेब्रुवारीतच दगड बसले होते. मधले दोन अजून नुसते मातीचे उंचवटे होते. फाटकाकडून दुसरा तिचा, म्हणजे एम्रिसचा. त्याच्या पलीकडचा एलीस प्यूचा. आणि काल ग्विलिमने आणून बसवलेला दगड, ज्यावर एम्रिस रॉबर्ट्स असं स्वच्छ कोरलेलं होतं, तो एलीस प्यूच्या उशाशी ताठ उभा होता. निळसर काळा, शाळेतल्या पाटीसारखा गुळगुळीत, सकाळच्या ओल्या उजेडात आतून उजळल्यासारखा. तिला आधी हसूच आलं. जन्मभर दगडात हात घातलेला हा ग्विलिम, आणि एका थडग्याने चुकला! मग राग आला. आज शुक्रवार, परवा फुलांचा रविवार. परवा सकाळी सगळं लानेर्विन गाव ही टेकडी चढणार, घासूनपुसून लख्ख केलेल्या आपापल्या माणसांपुढे पिवळी डॅफोडिल मांडणार, शेजारच्यांच्या माणसांची नावं वाचत, मान हलवत, हळूहळू उतरणार. आणि वाचणार काय, तर एम्रिस रॉबर्ट्स एलीस प्यूच्या जागेवर झोपलाय!

तो दगड तिने अकरा वर्षं रोज पाहिला होता. खाणीतल्या शेवटच्या वर्षी एम्रिसने दोघांच्या मदतीने तो घरी आणला आणि परसात कोळशाच्या खोपटाला टेकवून ठेवला. ती म्हणाली, "ही धोंड कशाला इथं?" तो म्हणाला, "लागेल कधीतरी." दगड चिरणाऱ्या माणसाची बायको ती, पण तिला कळलं नाही. पावसाळी दिवसांत ती त्याच्यावर पिळलेल्या कपड्यांचा पिळा ठेवायची. मनुकांचा पाव भट्टीतून काढला की गार व्हायला त्याच्यावर ठेवायची, कारण त्या दगडासारखं गार काही नव्हतं. येताजाता एम्रिस बोटाच्या पेराने त्याच्यावर टक् असं वाजवायचा आणि मान कलती करून ऐकायचा. चिरणाऱ्या माणसाला दगड डोळ्यांनी दिसत नाही, तो म्हणायचा, कानांनी दिसतो. पुढे त्याच्या स्वतःच्या छातीतून आवाज यायला लागला, दगडाच्या धुळीचा, आणि तो तसाच मान कलती करून स्वतःला ऐकत बसायचा. तो गेल्यावर ग्विलिमने दगड मोजला आणि टोपी काढून म्हणाला, "वहिनी, हा दोघांच्या रुंदीचा आहे." खाली जागा सोडायची इथली रीत. नवऱ्याचं नाव, साल, मग 'आणि', मग बायकोच्या नावासाठी कोरा दगड. तो 'आणि' आत्ताच कोरू का, असं ग्विलिमने नाताळच्या आधी विचारलं होतं. तिने सांगते म्हटलं. जानेवारीत विचारलं, सांगते म्हटलं. शेवटी गेल्या आठवड्यात ती म्हणाली, आत्ता नुसतं त्याचंच नाव कोर आणि बसव.

कारण एथेलचं पत्र आलं होतं. एथेल तिची धाकटी बहीण, प्रेस्टनला, इंग्रजी मुलखातल्या माहेरच्या शहरात असते. समोरच्या रस्त्यावर उघडणारी खिडकी असलेली खोली, खाली गॅसची शेगडी, कोपऱ्यावर मासेवाला. आता तिथं तुझं कोण आहे, एथेलने लिहिलं होतं, ईस्टरच्या सोमवारी आमचा जॉर्ज गाडी घेऊन तुला न्यायला येईल, फक्त हो म्हण. ते 'हो' लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आयरीनच्या कोटाच्या खिशात बुधवारपासून होतं. चौकातल्या पत्रपेटीवरून ती दोनदा गेली होती. आज थडगं घासून झालं की टाकू, असं तिने ठरवलं होतं. आधी त्याला सांगून, मग टाकू.

पस्तीस वर्षांपूर्वी ती आली तेव्हा गावाने तिच्याशी भांडण केलं नाही. भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, भांडणात माणूस निदान समोर येतो. पहिल्या महिन्यात सासूबाईंनी तिच्या हातात बटाटे भरलेली गरम पाई देऊन चौथ्या घरी पाठवलं, बाळंतिणीकडे. ती गल्लीच्या तोंडाशी गेली, तिथून एक, दोन, तीन, चार मोजलं, दार ढकललं आणि आत जाऊन उभी राहिली, तर समोर टबात बसलेला एक म्हातारा अंगाला साबण लावत होता. त्याने शांतपणे पाई घेतली. टबातूनच. एम्रिसला ते ऐकून इतकं हसू आलं की ठसका लागला. "अगं वेडे, इथं सगळं वरून मोजायचं. खाणीकडून खाली. घरं, दारं, चॅपलमधली बाकं. तू खालून मोजलंस." तिला राग आला होता. ज्या गावात मोजायचंसुद्धा उलटं, तिथं राहायचं कसं? सासूबाई कणीक मळता मळता गुणगुणत होत्या. पुढे ती त्यांची भाषा शिकली तेव्हा कुठं तिला ते गाणं कळलं:

दगडाला दगड भेटतो भिंतीत,
माणसाला माणूस भेटतो मातीत.
भिंतीला चुना नाही, मातीला नाव नाही,
सांग सासुरवाशिणी, तुझं गाव कुठं बाई?

ते आपल्यासाठी म्हटलं की जुनंच होतं, हे तिने कधी विचारलं नाही.

दगडासमोर उभ्या असलेल्या आयरीनच्या तोंडात ते शब्द आले, मातीला नाव नाही, आणि तिला एम्रिसच्या मातीचा दिवस आठवला.

गेल्या वर्षीचा तो फ्ल्यूचा हिवाळा होता. तीन आठवड्यांत गावातली चार माणसं गेली. एलीस प्यू सोमवारी गेला, एम्रिस गुरुवारी. टेकडीवर बर्फ होता, आणि बर्फ नसता तरी ती गेली नसती, कारण इथं मातीला फक्त पुरुष जातात. घरातून पेटी निघते, काळ्या टोप्यांची रांग गाणं म्हणत चढते, आणि बायका मागे राहून हॅम कापतात, पावाला लोणी लावतात. आयरीन स्वयंपाकघरात उभी राहून लोणी लावत होती आणि ते गाणं चढत चढत बारीक होत होतं. पुरुषांचे चार सुरांतले आवाज वेगवेगळे निघायचे आणि वर कुठंतरी एक व्हायचे. ते ऐकू येईनासं झालं त्या क्षणी त्याला खाली सोडलं असेल असं तिने मानलं आणि सुरी ठेवली. कुणीतरी म्हणालं, लोणी संपलं का? तिने पुन्हा सुरी उचलली. नंतर दीर, हायवेल, नाक पुसत आत आला. तिने विचारलं, कुठं ठेवलंत? तो म्हणाला, "नव्या रांगेत, वहिनी. दुसरा."

तिने बोट उचललं. वरून, डोंगराच्या अंगाने. एक. दोन.

दोन म्हणजे जिथं दगड उभा होता.

ती खाली बसली. गुडघे टेकले ते नेहमीच्या जागेवर टेकले, फाटकाकडून दुसऱ्यापाशी, जिथं तिच्या गुडघ्यांनी वर्षभरात दोन खळगे केले होते. मातीभोवती तिने मांडलेले पांढरे गोटे होते, एथेलकडून मागवलेले, तिच्या बाजूच्या समुद्राकाठचे. मुरंब्याच्या बरणीत गेल्या शुक्रवारची फुलं मान टाकून होती. आत एलीस प्यू होता. चॅपलचा पंच एलीस प्यू. पहिल्या रविवारी ती चुकून ज्याच्या बाकावर जाऊन बसली, आणि जो हातात टोपी धरून, एक शब्द न बोलता, तिच्या शेजारी वाटेत उभा राहिला तो एलीस प्यू. पहिलं गाणं सुरू झालं तरी तो उभाच. सगळं चॅपल पाठीला डोळे फुटल्यासारखं बघतंय असं तिला वाटलं. शेवटी ती उठली आणि अगदी मागे, दाराच्या वाऱ्यात जाऊन बसली, आणि पस्तीस वर्षं तिथंच बसली. एम्रिस म्हणायचा, पुढे चल गं. ती म्हणायची, मला इथं हवा लागते. आणि हे सगळं, हे अगदी असंच, तिने गेल्या वर्षभरात इथं बसून सांगितलं होतं. एम्रिस, मी त्या एलीस प्यूला अजून माफ केलेलं नाही. मेला तरी नाही. शेजारी पडलाय तुझ्या, ऐकत असेल तर ऐकू दे!

आणि ती शेजारी बघून हे बोलली होती. ज्याच्याकडे बोट दाखवून बोलली तो तिचा स्वतःचा माणूस होता.

एवढंच असतं तर बरं. तिने त्याला मूल न झाल्याचं सांगितलं होतं. शेवटच्या महिन्यात त्याच्या खोकल्याचा कंटाळा आला होता, रात्रभर उशी कानावर घेऊन झोपले, तेही सांगितलं होतं. मी इथं कधी आनंदात नव्हते असं एकदा सांगितलं, आणि पुढच्या शुक्रवारी येऊन, नाही, तसं नाही, होते, असं सांगितलं होतं. सगळं एका परक्या माणसाच्या कानात ओतलं. आणि तिचा एम्रिस दोन हातांवर, एकटा, अबोल, वर्षभर नुसता आवाज ऐकत पडला होता. मान कलती करून.

पण एकटा नव्हता. तिने मान वर केली. नव्या दगडाखालची माती नीट बघितली. वर्षभर तिने ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिली होती आणि तिला त्या मातीचा हेवा वाटला होता. गवताचं पातं नाही. शेवाळाचे हिरवे तुकडे शिवल्यासारखे एकाला एक लावलेले. थंडीतही काहीतरी फुललेलं असायचंच. ती दर शुक्रवारी पाहायची, नेस्टा प्यू, एलीसची बायको, चौऱ्याहत्तर वर्षांची, तिथं गुडघे टेकून काम करत असायची. दोघी मान हलवायच्या. "हवा बरी आहे, मिसेस रॉबर्ट्स." "बरी आहे, मिसेस प्यू." एवढंच. आणि आयरीनच्या मनात यायचं, बघा, मेल्यावरही पंचाचा थाट कमी नाही.

फाटक वाजलं. नेस्टा प्यू दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन येत होती, प्रत्येक दहा पावलांवर थांबून दम खात. आयरीन उठली नाही. नेस्टाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"बसवला होय ग्विलिमने," ती म्हणाली. "सरळ बसलाय."

"तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासूनच. तुम्ही बर्फातून आलात आणि आमच्या ह्यांच्यापाशी बसलात. मी फाटकात उभी होते."

"मग सांगितलं का नाही?" तिचा आवाज चढला आणि वरच्या झाडातला कावळा उडाला. "वर्षभर तुम्ही इथं माझ्या शेजारी बसून..."

नेस्टाने बादल्या ठेवल्या, कमरेला हात दिला. "सांगणारच होते. पण तुम्ही बोलत होतात. बोलणाऱ्या बाईला मध्येच कोण तोडणार? म्हटलं, पुढच्या शुक्रवारी सांगू. पुढच्या शुक्रवारी तुम्ही ते गोटे घेऊन आलात. एकेक रुमालाने पुसून मांडत बसलात. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाऊस. एकदा राहिलं की राहिलंच, बाई. मग म्हटलं, तिने आपला घेतलाय तर आपण तिचा घेऊ. कुणी उघडं पडायला नको."

"गावाला माहीत आहे?"

"गावाला काय माहीत नसतं? तुमच्या चुलीवर आज काय आहे ते मला विचारा."

"सगळे हसले असतील."

"ग्विलिम हसला एकदा. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचा छिन्नीवरचा हात चुकला. त्यानंतर कुणी नाही हसलं."

आयरीनला रडू येत होतं आणि ते येऊ नये म्हणून ती गोटे उलटेपालटे करत होती. "मी त्यांना काय काय बोलले, मिसेस प्यू. सांगायला नको असलेलं."

"कुणाला, आमच्या ह्यांना?" नेस्टा हळूच, एक हात थडग्यावर टेकत, खाली बसली. "अहो, त्यांना कुठं इंग्रजी कळत होतं! 'गुड मॉर्निंग' म्हणायचं तर कपाळाला घाम फुटायचा. तुमची गुपितं आहेत तिथंच आहेत. आणि खरं सांगू? त्या माणसाने उभ्या जन्मात दोन मिनिटांवर कुणाचं ऐकून घेतलं नाही. म्हटलं, आता ऐकू दे की जरा. कुठं उठून जातोय?"

आयरीन हसली, आणि हसता हसता दचकली. सुरुवातीला ती इंग्रजीत बोलायची, हे खरं. आपल्या भाषेत, प्रेस्टनच्या गल्लीतल्या भाषेत. पण नंतर? खोकल्याचं सांगितलं ते कुठल्या भाषेत? 'होते, आनंदात होते' हे कुठल्या भाषेत? तिने आठवून पाहिलं. शब्द आठवत होते, पण नुसता त्यांचा अर्थ उरला होता, वरची साल गळून गेली होती. तिला खरंच सांगता येईना.

"मी त्यांना बाकाचंही बोलले," ती म्हणाली.

"कुठल्या बाकाचं?"

"पहिल्या रविवारचं. मी तुमच्या बाकावर बसले होते. मला उठवायला ते उभे राहिले."

नेस्टा तिच्याकडे बघतच राहिली. "उठवायला? अगं, ते वाट बघत होते तू जरा आत सरकशील म्हणून! सरका म्हणायला शब्द नव्हता ना जवळ. आणि तू उठून मागे गेलीस. घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, प्रेस्टनच्या बाईला आपल्या शेजारी बसायला नको वाटतं. दर रविवारी बसताना कडेला एवढी जागा सोडायचे. मी म्हणायची, सरका आत, मला वारा लागतोय. तर म्हणायचे, असू दे."

हे खरं असेल का? की बाई आत्ता, या घडीला, शेवाळ शिवावं तसं काहीतरी तिच्यासाठी शिवत होती? नेस्टाला तेवढं येत होतं. आयरीनने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पण ते म्हातारं, वाऱ्याने तांबारलेलं तोंड बादलीत बघत होतं, त्यात काही दिसेना. आणि तिच्या डोळ्यांपुढे मात्र ते बाक आलं, मागून पस्तीस वर्षं पाहिलेलं. एलीस प्यूची रुंद पाठ, नेस्टाची टोपी, आणि वाटेच्या कडेला, खरंच, लाकडाचा एक हातभर तुकडा, कायम रिकामा. टोपी ठेवायला असेल, असं तिला वाटायचं.

"त्यांचा दगड अजून का नाही बसला?" तिने विचारलं. "त्या दोघांचे तर कधीच बसले."

"नव्या वर्षापासून ग्विलिमच्या खोपटात आडवा पडलाय. लोक बोलायला लागले, प्यूबाईला नवऱ्याचं नाव आठवेना झालंय." नेस्टाने ब्रश पाण्यात बुडवला. "आमचा आधी बसला असता तर तू येऊन काय वाचलं असतंस? वर्षभर जिथं रडलीस तिथं भलत्याचंच नाव. म्हटलं, आधी हिला हिचा माणूस सापडू दे. मग आपलं नाव लावू. पण तू बाई ठरवशील तर ना! तो एक शब्द कोरायचा की नाही कोरायचा, तीन महिने. पोरीचं लग्न ठरवायलासुद्धा एवढा वेळ लागत नाही."

आयरीनने खिशात रुमालासाठी हात घातला आणि तिच्या ओल्या बोटांना पाकीट लागलं. तिने ते तसंच राहू दिलं. मग मनगटानेच डोळे पुसले, ब्रश उचलला आणि घासायला सुरुवात केली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की ती अजून जुन्याच खळग्यांत गुडघे टेकून बसली आहे आणि एलीस प्यूच्या कडेचे दगड घासते आहे, आणि नेस्टा पलीकडे वाकून एम्रिसच्या पायथ्याचं गवत उपटते आहे. तिने ब्रश थांबवला.

"आपण बदलून घ्यायचं का?"

"आज राहू दे," नेस्टा मान वर न करता म्हणाली. "हात बसलाय. याला इथं कोपऱ्यात पिवळंच लागतं, पांढरं लावलं तर जगत नाही. ते तुला माहीत नाही, दाखवीन नंतर. आणि आमच्याला आता ते गोटे हवेत. सवय झालीय त्याला."

मग दोघींचे हात चालू राहिले. ब्रशचा आवाज, पाण्याचा आवाज, खाली कुठंतरी कोकरू आणि त्याच्या आईची एकमेकांना हाक. वारा खाणीकडून येत होता, दगडाचा वास घेऊन. तो वास पस्तीस वर्षं एम्रिसच्या सदऱ्यांना यायचा, दहा पाण्यांतून काढले तरी यायचा. काम झालं तेव्हा आयरीन उठली, दोन पावलं वर गेली, नव्या दगडापुढे उभी राहिली. नाव वाचलं. साल वाचलं. खालच्या कोऱ्या भागात तिची सावली पडली होती, धूसर, टोपीसकट. तिने बोटाच्या पेराने दगडावर टक् असं वाजवलं आणि मान कलती केली. मग पुष्कळ वेळ ती तशीच उभी राहिली. नेस्टाने बादल्या गोळा केल्या आणि फाटकापाशी जाऊन थांबली.

उतरताना एक बादली आयरीनने घेतली. चौकात पत्रपेटी होती, लाल, पावसाने धुतलेली. नेस्टा काहीतरी सांगत होती, रविवारच्या चहाला कोण काय आणणार त्याबद्दल, की हॅम तू काप, तुझ्यासारखे पातळ काप कुणाचे होत नाहीत, आणि आयरीन हो हो म्हणत पेटीवरून पुढे गेली. गल्लीच्या तोंडाशी ग्विलिमचं खोपट होतं. तो दारात बसून चहा पीत होता, पांढऱ्या भुवयांवर दगडाची धूळ. दोघींना एकत्र येताना बघून त्याने चहा खाली ठेवला आणि उभा राहिला.

"ग्विलिम," आयरीन म्हणाली, "तो शब्द कोर."

"'आणि'?"

"हो. रविवारच्या आत होईल?"

"आजच होईल. उभ्यावर कोरायला हात अवघडतो, पण होईल." त्याने छिन्नी घेतली, खिशात टाकली. मग त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. नेस्टा त्याच्याकडे बघत होती तरी त्याला राहवेना. "कुठला दगड म्हणालात, वहिनी? नीट मोजून सांगा हं."

आयरीनने टेकडीकडे पाहिलं.

"नव्या रांगेतला," ती म्हणाली. "वरून दुसरा."